कडुनिंबाखालची मरुदायी

माझ्या धाकट्या दिराचं नाव सेतू. पूर्ण नाव सेतुमाधवराव, पण एवढं लांबलचक नाव त्याच्या अंगाला कधी बसलंच नाही. मी लग्न होऊन कुंभकोणमच्या या घरात आले तेव्हा तो शाळेत जात होता आणि मीही काही फार मोठी नव्हते, त्यामुळे आमचं भांडण पहिल्या दिवशी सुरू झालं ते तो गेला तोवर चाललं. आता भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगत बसलेय. आमची तंजावरकडची मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात, जुनाट बोलता म्हणतात. बोलतो तर बोलतो! उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, आत आलं की मराठी, असं इतकी वर्षं सांभाळलंय, ते काय उगीच?

आमच्या सासऱ्यांचे पणजोबा तंजावरच्या राजवाड्यात नोकरीला होते, हे या घरात आल्यागेल्याला कॉफीबरोबर ऐकवलं जायचं. राजवाडा गेला, नोकऱ्या गेल्या, तोरा तेवढा राहिला. आमचे हे वकिलाकडे कारकून होते, म्हणजे निदान शाईचं काम. सेतूचं शाळेत कधी लक्ष लागलं नाही आणि तो मोठ्या बाजारातल्या पितळेच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायला बसला. सासूबाई कित्येक दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत.

आमच्याकडे पितळेचं कौतुक फार. लग्नाची घागर घ्या, समई घ्या, नाव घातल्याशिवाय कोणी घरी नेत नसे. सेतू दिवसभर जमिनीवर बसायचा आणि भांडं पायांच्या तळव्यांत धरून बारीक छिन्नीनं टिंबाला टिंब लावत अक्षरं उठवायचा. हात सुरेख होता, खोटं कशाला बोलू? पण भाऊ वेगळे झाले की तीच भांडी परत यायची. बापाचं नाव ठोकून सपाट कर आणि माझं घाल, म्हणायचे. तेही तो करायचा. मग घरी जेवताना मध्येच म्हणायचा, वहिनी, आज एका मेलेल्या माणसाला ठोकून काढला. असलं काम करून माणसाला वेड नाही लागणार तर काय होईल? त्यालाही लागलं, ते मातीचं.

सुट्टीच्या दिवशी अरसलार नदीच्या काठावरून माती आणायचा आणि मागच्या अंगणात विहिरीपाशी बसून बाहुल्या करायचा. देव एकही नाही, हे आधी ध्यानात घ्या. दाढी करून घेता घेता झोपी गेलेलं गिऱ्हाईक, गाल फुगवलेला नादस्वरवाला, हात उंच नेऊन कॉफी ओतणारा हॉटेलातला माणूस, असली गावातली माणसं. ओळखीच्या कुंभाराच्या आव्यात त्या भाजून आणायचा. लाल, खणखणीत, बोलतील की काय अशा व्हायच्या. आणि मग काय करायचा? तर पहाटे, लोक नदीवर आंघोळीला निघायच्या आत, गावात कुठेतरी ठेवून यायचा. पोस्टाच्या कट्ट्यावर, स्टेशनच्या बाकावर, बैलांच्या हौदापाशी. ठेवायची, वळायचं आणि चालू लागायचं. कोणी नेली, कोणी फोडली, काही विचारायचं नाही. पुन्हा त्याच वाटेनं जायची वेळ आली तरी मान वळवून बघायचं नाही, हा त्याचा नियम. आणि दिवसभर लोकांची नावं घालणारा हा माणूस स्वतःच्या बाहुलीखाली साधं एक टिंबसुद्धा लावायचा नाही.

माझं पित्त खवळायचं. नवरात्रात आमच्याकडे घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, गोलू म्हणतात त्याला, आणि त्यात दरवर्षी एक तरी नवी बाहुली लागते. शेजारणी विकत आणायच्या, आणि घरात असा कारागीर पोसून मीही विकतच आणायची! एका वर्षी गोमतीकडे हळदीकुंकवाला गेले. गोमती म्हणजे धान्याच्या मोठ्या पेढीवाल्या व्यंकटरमणांची बायको. बघते तर हिच्या मधल्या पायरीवर, रामाच्या शेजारी, आमचा कॉफीवाला! स्टेशनच्या बाकावर सापडला, कोण ठेवून गेलं देव जाणे, असं ती कौतुकानं सांगत होती. घरी येऊन मी सेतूवर मनसोक्त तोंडसुख घेतलं. तो जेवत होता. तिच्याकडे बरा दिसतो का, एवढंच त्यानं विचारलं. दिसतो, म्हटलं मी. मग झालं, म्हणाला, आणि ताक मागितलं.

आता मरुदायी. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी, बाजाराच्या वळणावर, एक मोठा कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत ती पालेभाजी घेऊन बसायची. रोज सकाळी मरुदानल्लूरहून डोक्यावर पाटी घेऊन चालत यायची. तांदुळजा, हादगा, शेवग्याचा पाला, सगळं ओल्या गोणपाटाखाली झाकलेलं. वय तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तरुणपणी कानात जड गोळे घालायची, त्यातला डावा रेडकानं ओढला आणि पाळी मधोमध फाटली, तिचे दोन तुकडे लोंबत असायचे. तोंड मात्र शाबूत होतं, आणि कसलं! गोणपाट रस्त्यात येतं म्हणणाऱ्या पोलिसालाही ती सोडत नसे. मी भाव करायला लागले की म्हणायची, अम्मा, एवढी महाग वाटते तर तुझ्या राजवाड्यात पिकव. आणि तरीही आम्ही सगळ्याजणी तिच्याकडेच जायचो, कारण तिच्यासारखी कोवळी भाजी गावात कुठे मिळत नसे.

एक दिवस सेतू आपण होऊन म्हणाला, वहिनी, यापुढे भाजी मी आणतो. मला वाटलं, चला, एकदाची अक्कल आली. रोज सकाळी तो तिच्या पाटीसमोर उकिडवा बसायचा आणि एक जुडी निवडायला इतका वेळ लावायचा की इकडे माझी डाळ शिजून आटायची. तो भाजी कुठे बघत होता?

छप्पन साली महामहम आलं. बारा वर्षांनी येतं ते. गंगा, यमुना, गोदावरी, कावेरी, साऱ्या नद्या आमच्या तळ्यात आंघोळीला येतात म्हणतात, आणि त्यांच्यामागून सारा मुलूख येतो. त्याच सुमाराला सेतूनं आव्यातून नवी बाहुली आणली. नेहमीच्यापेक्षा मोठी, चांगली हातभर उंच. मरुदायी! गुडघ्यांवर हात टेकून बसलेली, तोंड अर्धवट उघडं, कोणाला तरी फैलावर घेतानाची, आणि डाव्या कानाची ती फाटकी पाळी. मला हसू आलं आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही आलं. पहिल्यांदाच मी त्याच्या विनवण्या केल्या, म्हटलं, एवढी एक घरात राहू दे. तो म्हणाला, ही तिची आहे, तिच्या जागेपाशी ठेवणार. महामहमच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती कडुनिंबाच्या मुळांत बसवून आला आणि वळून न बघता दुकानात गेला.

गावात अजून यात्रेकरू होते. त्यातल्या कोणीतरी तिला हळद लावली. कोणीतरी कुंकू लावलं. संध्याकाळपर्यंत पिवळं वस्त्र आणि लिंबांची माळसुद्धा आली. लोक म्हणायला लागले, बाकीच्या नद्या आंघोळ करून आपापल्या घरी गेल्या, ही एक मागे राहिली. कान फाटका का? तर यात्रेत कोण्या गरीब बाईला देवीनं आपलं कर्णफूल ओरबाडून दिलं. तोंड उघडं का? तर आशीर्वाद देतेय. आशीर्वाद! मी पोट धरधरून हसले. थोड्याच दिवसांत तोंडावर हळदीचा एवढा जाड थर बसला आणि त्यावर चांदीचे डोळे चिकटले की खाली कोणाचा चेहरा आहे हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मरुदायी शेजारीच बसून भाजी विकत होती. खपही वाढला होता तिचा. सेतू रोज तिथून जायचा, मान खाली घालून. सगळं ठीक चाललं होतं.

मग व्यंकटरमण मध्ये पडले. माणूस वाईट नव्हता, उगीच पाप कशाला घेऊ? गोमतीची अर्धशिशी तिथे नवस बोलल्यावर थांबली, तेव्हापासून त्यांची भक्ती जडली. त्यांनी झाडाखाली झावळ्यांचा मांडव घातला, जमीन सारवून घेतली, रोजच्या दिव्याचं तेल लावून दिलं. आणि मग त्यांच्या डोळ्यांत ती ओली गोणपाटं, तो चिखल, ती देठं खुपायला लागली. शिवाय आवाज खाली करून ते म्हणायचे, त्या जातीची बाई देवीच्या इतक्या जवळ बसलेली बरी का दिसते? एके सकाळी त्यांनी मरुदायीला दुसरीकडे बसायला सांगितलं. मी तिथेच उभी होते. आता ही यांची सालटी काढणार म्हणून वाटच बघत होते. पण तिनं एकदा झाडाखाली पाहिलं, पाटी उचलली आणि निमूट निघून गेली. मला ते फार चमत्कारिक वाटलं.

ती समोरच्या बाजूला, बस थांबते त्या भिंतीपाशी बसायला लागली. तिथे सावली म्हणून नाही. चैत्र लागला होता, आणि आमच्याकडचं चैत्राचं ऊन म्हणजे तवा. सकाळ निम्मी सरायच्या आत भाजी माना टाकायची. कोमेजलेली भाजी घ्यायला रस्ता ओलांडून कोण जाणार? पाटी जशी यायची तशी डोक्यावर परत जायची. बाई बघता बघता वाळली. एक दिवस भिंतीपाशीच तिला घेरी आली, लोकांनी तोंडावर पाणी मारलं. तेव्हा मात्र माझा तोल गेला. घरी येऊन सेतूला म्हटलं,

"तुझ्या मातीनं तिची जागा खाल्ली, भावजी. आता जा आणि कोणाची आहे ते सांग."

तो म्हणाला, एकदा ठेवलेली गोष्ट माझी कशी? मी म्हटलं, नियम तुझा, ऊन तिला! त्या दिवशी तो ताटावरून तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी मात्र गेला हो. दुकानात जायच्या आधी मांडवात जाऊन व्यंकटरमणांपुढे उभा राहिला आणि चार लोकांच्या देखत म्हणाला, ही मी केली, अरसलारच्या मातीची आहे, चेहरा मरुदायीचा आहे, तिला तिची जागा परत द्या. जन्मात पहिल्यांदा त्यानं एखादी गोष्ट माझी म्हटली असेल. व्यंकटरमणांनी शांतपणे ऐकून घेतलं. आमच्या लोकांना इकडे रायर म्हणतात. ते म्हणाले,

"रायर, साऱ्या गावाच्या भांड्यांवर नावं घालता तुम्ही. मग स्वतःच्या मूर्तीवर नाव घालायचं विसरलात होय?"

लोक हसले. उन्हानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं, असंही कोणी म्हणालं. सेतू घरी परतला आणि विहिरीपाशी बसून राहिला. मी दुसरी करू का, अशीच, म्हणजे लोकांना पटेल, असं मला विचारायला लागला. मी म्हटलं, तुझी माती आता पुरे. उद्या शुक्रवार आहे, उद्या मी बघते.

शुक्रवारी सकाळी बायका देवीची आठवड्याची हळद काढून तिला न्हाऊ घालायच्या. धुतलेला चेहरा त्या दर आठवड्याला बघत होत्या, पण भाजीवालीच्या तोंडाकडे कोण कधी नीट बघतं? मी तोवर कधी गेले नव्हते. दिराच्या हातची बाहुली, तिला काय नमस्कार करायचा? त्या दिवशी पाण्यानं भरलेली कळशी घेतली आणि आधी रस्ता ओलांडून मरुदायीकडे गेले. चल म्हटलं. कुठे ते कळल्यावर कोणाच्या बापाला न भिणारी ती बाई थरथर कापायला लागली. राहू दे अम्मा, मला इथे बरं आहे, ऊन सोसतं मला, असं सारखं म्हणत होती. मी ऐकते होय? डोकं तापलं की मी कोणाचंच ऐकत नाही. तिचा हात धरला आणि ओढतच मांडवात आणलं.

गोमतीनं चांदीचे डोळे काढून ठेवले होते. मी काही न बोलता कळशी देवीच्या डोक्यावर रिकामी केली. हळद ओघळली, कपाळ मोकळं झालं, मग नाक, मग ते रागावलेलं उघडं तोंड, आणि शेवटी कानाची पाळी. मी मरुदायीला तिच्या शेजारी उभी केली आणि म्हटलं, बघा.

सगळ्या बघत राहिल्या. एकदा मातीकडे, एकदा हिच्याकडे. माझं भाषण तयार होतं. ही देवी नव्हे, माणसानं घडवलेली आहे, लाज वाटू द्या, असं बरंच काही मी वाटेत जुळवलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत गोमतीनं हात तोंडावर ठेवला आणि एकदम वाकून मरुदायीच्या पायांना हात लावला. साऱ्यांच्या देखत, भाजीवालीच्या चिखलानं भरलेल्या पायांना.

"इतकी वर्षं मी हिच्याशी भाव करत होते," ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्यांना वाटलं ते असं. देवीला मरुदायीसारखं कोणी घडवलेलं नाही, देवीच इतकी वर्षं मरुदायी होऊन आमच्यासमोर भाजी विकत होती, आणि आपण तिला उन्हात हाकललं. मग काय विचारता? एकीचं बघून दुसरी वाकली. व्यंकटरमण धावत आले, दोन्ही चेहरे पाहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी स्वतः रस्ता ओलांडला, पाटी डोक्यावर घेतली आणि सावलीत आणून ठेवली. गोणपाटाचं घाण पाणी त्यांच्या वेष्टीवरून, म्हणजे पांढऱ्याशुभ्र धोतरावरून ओघळत होतं. माझं भाषण पोटातच राहिलं. खरं सांगितलं तेव्हा यांनी ऐकलं नाही, आणि आता न सांगताच निवाडा झाला होता. मी आपली रिकामी कळशी उचलली. मागे मरुदायी खेकसत होती, पाया पडा पण भाजी तुडवू नका. तो आवाज ऐकून जिवात जीव आला माझ्या.

पुढे व्यंकटरमण देवीसाठी नवी पितळी घागर घेऊन सेतूच्या दुकानात आले. मूर्तीचा विषय दोघांपैकी एकानंही काढला नाही. घागरीवर 'मरुदायी अम्मन' असं घालायचं होतं, आणि खाली देणाऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव आणि पेढीचं नाव. देवीला एक ओळ, यांना चार! सेतू मला सांगताना इतका हसला की ठसका लागला. सगळं त्यानं नीट घातलं, एक टिंबही वाकडं नाही. मी चिडवलं, म्हटलं, मोडला ना नियम, लावलास ना हात पुन्हा? तो म्हणाला, छे, घागर त्यांची, देवी गावाची, मी आपला नावं घालणारा.

मरुदायी तिथेच बसू लागली, देवीच्या अगदी शेजारी. नमस्कार मात्र तिनं कधी केला नाही. चहाला जायचं असलं की देवीकडे बघून म्हणायची, जरा पाटीवर लक्ष ठेव गं, आणि खुशाल निघून जायची. एका जुडीलाही कधी कोणी हात लावला नाही.

एके दिवशी दुपारच्या आधी मी भाजीला गेले तेव्हा दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. माझ्या मनात केव्हापासूनचं होतं, ते विचारलं. तो चेहरा तुझा आहे हे तुला केव्हा कळलं? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी. केला कोणी, हेही तिला ठाऊक होतं. एक जुडी निवडायला इतका वेळ लावणारा गावात दुसरा आहे कोण, असं मलाच विचारलंन. मी म्हटलं, अगं मग व्यंकटरमणांनी उठवलं त्या दिवशी गप्प का राहिलीस? पोलिसाला सोडत नाहीस तू.

ती जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली,

"सांगितलं असतं तर त्यांनी ती उचलून नदीत टाकली असती. माझं तोंड कोण ठेवून घेणार, अम्मा? मी बसले उन्हात. ती तरी सावलीत होती."

मी तिला ओढत आणलं तेव्हा ती का कापत होती, ते मला तेव्हा कळलं. तिनं भाव सांगितला, तेवढा मी दिला आणि घरी आले. सेतू विहिरीपाशी माती मळत होता. त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं मळलेली माती तशीच टाकली आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा मी दारातून बघत होते. कडुनिंबापाशी तो थांबला आणि त्यानं मान वळवली. आपण ठेवून दिलेल्या गोष्टीकडे त्याला असं बघताना मी तेवढं एकदाच पाहिलं. डोळे भरून बघितलं त्यानं, मग पाटीसमोर उकिडवा बसला आणि तांदुळजा निवडायला लागला. इकडे माझी डाळ आटत होती, आणि तिकडून मरुदायीचा आवाज साऱ्या रस्त्याला ऐकू येत होता, घ्यायची तर घ्या रायर, नाहीतर पुढच्याला जागा द्या.